किटली लावली की इन्व्हर्टर ओरडतो : कॅम्पर गाडीतल्या १२ व्होल्टचा नेहमीचा बिघाड

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जरी तुमच्या गाडीत दिसत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

- मोबाइल, दिवे, छोटा पंखा व्यवस्थित चालतो. मिक्सर किंवा किटली लावली की इन्व्हर्टर टीं-टीं करतो आणि पाच-दहा सेकंदांत बंद पडतो.
- बंद पडल्यावर लगेच बॅटरीवर मीटर धरला तर १२.४-१२.५ व्होल्ट दिसतात. म्हणजे बॅटरी भरलेली वाटते.
- इंजिन चालू असताना तेच उपकरण चालतं, इंजिन बंद केलं की चालत नाही.
- फ्रीजचा कॉम्प्रेसर लागला की दिवे क्षणभर मंद होतात. कधी रात्रीत फ्रीज आपोआप बंद होतो आणि सकाळी दूध नासलेलं असतं.
- एखादी वायर, फ्यूजचा होल्डर किंवा बॅटरीचं टर्मिनल हाताला गरम लागतं. प्लास्टिक तापल्याचा वास येतो.
- नवी बॅटरी टाकली, आठ-पंधरा दिवस बरे गेले आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

शेवटचं लक्षण माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे. बॅटरी बदलूनही दुखणं तसंच राहत असेल, तर दुखणं बॅटरीत नव्हतंच.

मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. कासचा फुलांचा हंगाम सुरू झाला की पुण्या-मुंबईकडच्या कॅम्पर गाड्या यवतेश्वर घाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर माझ्याकडे थांबतात. कुणी ट्रॅव्हलर घेऊन त्यात पलंग-ओटा करून घेतलेला असतो, कुणी ईकोच्या मागच्या सीट काढलेल्या असतात. ज्येष्ठाच्या अखेरीस किंवा आषाढ लागता माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तेव्हा दिंड्यांचे टेम्पो येतात. त्यांना रात्री तळावर दिवे, पाण्याची मोटर आणि पन्नास-साठ मोबाइल सांभाळायचे असतात. गाड्या वेगळ्या, माणसं वेगळी, बिघाड मात्र तोच. आणि बहुतेक जण येताना ठरवूनच येतात, "बॅटरी गेलीय, नवी टाका." मी त्यांना एवढंच म्हणतो, पैसे खिशात ठेवा, आधी अर्धा तास द्या.

सुरू करण्याआधी

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोक बॅटरीला भीत नाहीत. पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना पडला तर क्षणात हजारभर अँपिअर वाहू शकतात. पाना तिथेच चिकटतो, लाल होतो, आणि बोटातली अंगठी मध्ये आली तर बोट भाजून जातं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. वायर सोडायची असेल तेव्हा आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडा. कारण निगेटिव्ह बहुधा गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. ते सुटं असलं की पॉझिटिव्हवर काम करताना पाना पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही.

आणि एक महत्त्वाचं. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतचा भाग १२ व्होल्टचा. इन्व्हर्टरच्या पुढचा भाग २३० व्होल्टचा, म्हणजे घरातल्या लाइटीइतकाच जीवघेणा. खालच्या सगळ्या तपासण्या पहिल्या भागाच्या आहेत. दुसऱ्या भागाचं झाकण तुम्ही उघडायचं नाही.

१. उपकरणावरचा आकडा वाचा (खर्च शून्य)

उपकरणाच्या बुडाशी वॅट लिहिलेले असतात. वॅटला १२ ने भागा, आलेल्या उत्तरात दहा-पंधरा टक्के वाढवा. इन्व्हर्टर स्वतः तेवढं खातो. जे येईल ते अँपिअर बॅटरीतून ओढले जाणार.

साधा ७५० वॅटचा मिक्सर जवळपास ७० अँपिअर ओढतो, आणि सुरू होतानाचा पहिला झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. १,५०० वॅटची किटली म्हणजे १४० अँपिअर. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी म्हणजे १८५ च्या पुढे. घरात हीच शेगडी ९ अँपिअरवर चालते, म्हणून आपल्याला अंदाज येत नाही. व्होल्ट जितके कमी, तितकी तीच ताकद द्यायला अँपिअर जास्त लागतात. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमागे बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे फार तर १२० ते १८० वॅट. त्यात अडकवायच्या इन्व्हर्टरवर ३०० वॅट छापलेलं असलं तरी तिथून ३०० मिळणार नाहीत. लॅपटॉप चालेल, मिक्सर नाही. तिथे मोठा फ्यूज टाकू नका. त्या फ्यूजमागची वायर गाडीच्या डॅशबोर्डातून जाते आणि ती तेवढ्यासाठी केलेली नसते.

हिशोब इन्व्हर्टरच्या क्षमतेबाहेर गेला तर बिघाड काहीच नाही, मागणी जास्त आहे. कॅम्पर गाडीत स्वयंपाक गॅसवर करा, असं मी सरळ सांगतो. उष्णता निर्माण करणारी उपकरणं, म्हणजे किटली, शेगडी, इस्त्री, गिझर, बॅटरीवर परवडत नाहीत. दिवे, पंखा, फ्रीज, चार्जर यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे.

२. सकाळी उठल्यावर व्होल्ट बघा

साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत येतो. लाल वायर मीटरवरच्या व्होल्टच्या भोकातच आहे ना, हे बघा. १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावली तर मीटरच शॉर्ट होतो.

चार्जिंग थांबवून तीन-चार तास गेल्यावरचं माप खरं. गाडी आत्ताच चालवून आला असाल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फसवतो. साध्या शिशाच्या बॅटरीत १२.६ किंवा १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. १०.५ वर अडकून बसली असेल तर सहापैकी एक सेल गेला असण्याची दाट शक्यता आहे.

लिथियमची, म्हणजे आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर हा हिशोब लागू नाही. तिचे व्होल्ट जवळपास शेवटपर्यंत १३.१ ते १३.३ मध्येच राहतात, त्यामुळे आकड्यावरून ती किती भरली आहे हे कळत नाही. तिला शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावलेला मॉनिटरच हवा. तिच्यात आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच वाट बंद करतो. तेव्हा मीटरवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट येतात आणि माणूस घाबरतो. बऱ्याचदा योग्य चार्जर लावला की ती जागी होते.

रोज रात्री काही न चालवता बॅटरी उतरत असेल तर इन्व्हर्टर चालूच राहतो का ते बघा. नुसता चालू असलेला इन्व्हर्टरसुद्धा अर्धा ते दीड अँपिअर खातो. रात्रीच्या दहा तासांत पाच ते पंधरा अँपिअर-तास असेच जातात. दिंडीच्या टेम्पोवाल्यांना मी म्हणूनच सांगतो, मोबाइलसाठी इन्व्हर्टर लावू नका. १२ व्होल्टवर थेट चालणारे यूएसबी सॉकेट चांगल्या वायरने, फ्यूज घालून बसवा. १२ चे २३० करायचे आणि चार्जरने त्याचे परत ५ करायचे, यात दोन ठिकाणी वीज वाया जाते.

३. डोळ्यांनी आणि हातांनी (खर्च शून्य)

सगळं बंद करा, निगेटिव्ह सोडा आणि प्रत्येक जोड हलवून बघा. हाताने हलला तर तो ढिला आहे. टर्मिनलवर पांढरं-निळसर फूल आलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली घट्ट केल्यानंतर लावायची, आधी नाही.

आपल्याकडचा पाऊस वायरिंगचा वैरी आहे. महाबळेश्वर-बामणोलीकडे आषाढ-श्रावणात गाडी आठ दिवस उभी राहिली की तांब्याच्या उघड्या तारांवर हिरवा थर चढतो. तो वायरच्या आवरणाखाली बोटभर आत शिरतो. अशी वायर घासून भागत नाही. कोरं तांबं दिसेपर्यंत कापून नवा लग (वायरच्या टोकाला बसणारी, बोल्टसाठी भोक असलेली टोपी) दाबावा लागतो.

वॉशरचा क्रम नक्की बघा. लग थेट टर्मिनलच्या सपाट भागाला टेकला पाहिजे, वॉशर त्याच्यावर, मग नट. लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये स्टीलचा वॉशर असेल तर सगळा करंट त्या स्टीलमधून जातो, आणि स्टील तांब्याच्या मानाने वीज फार वाईट वाहतं. दिसायला जोड घट्ट असतो, आतून तापत असतो. हा दोष मी इतक्यांदा पाहिला आहे की आता झाकण उघडलं की माझी नजर आधी तिथेच जाते.

४. भार देऊन दोन्ही टोकांना व्होल्ट मोजा

इथे थोडं थांबून वाचा. दुसरं काही केलं नाही तरी चालेल, एवढं करा.

तारेतून, जोडातून, बोल्टमधून करंट जाताना थोडे व्होल्ट वाटेत खर्च होतात. करंट नसेल तेव्हा हा खर्च शून्य असतो, म्हणून बंद गाडीत मीटर लावला की सगळं उत्तम दिसतं. करंट वाढला की खर्च वाढतो. घरातल्या २३० मधून एक व्होल्ट वाटेत गेला तर कुणाला कळतही नाही. १२ मधून दीड गेला तर इन्व्हर्टरला साडेदहा मिळतात आणि तो ओरडायला लागतो, कारण त्याची इशाऱ्याची पातळी साधारण तिथेच ठेवलेली असते.

त्यात आणखी एक गोष्ट होते. किटलीला तिची ताकद हवीच असते. व्होल्ट कमी मिळाले की इन्व्हर्टर जास्त अँपिअर ओढून भरपाई करतो. जास्त अँपिअरमुळे वाटेतला खर्च आणखी वाढतो, व्होल्ट आणखी पडतात. म्हणून ही घसरण हळूहळू होत नाही, एकदम कोसळते.

मोजायची रीत अशी. मोजण्यासाठी मिक्सर घेऊ नका, त्याचा करंट सारखा वर-खाली होतो. प्रवासाची ६०० वॅटची छोटी किटली घ्या, तिचा करंट स्थिर असतो. तिच्यात पाणी भरलेलं असू द्या. एक जण किटली चालू करेल, दुसरा मीटर धरेल. चार मापं घ्या आणि कागदावर लिहा :

पहिलं, बॅटरीच्या दोन खुंट्यांवर, म्हणजे खुद्द शिशाच्या टोकावर, लगवर नाही.
दुसरं, इन्व्हर्टरच्या दोन १२ व्होल्ट टर्मिनलांवर.
तिसरं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर.
चौथं, तसंच निगेटिव्हकडून निगेटिव्हकडे.

तिसरं आणि चौथं माप म्हणजे वाटेत गेलेले व्होल्ट, थेट मीटरवर. प्रत्येकी ०.२ च्या आत असेल तर वायरिंग चांगलं आहे. ०.५ च्या वर गेलं तर त्या बाजूला नक्की दोष आहे.

कासहून परत येताना एक कुटुंब थांबलं होतं. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदललेल्या. आजींना सकाळी चहाला गरम पाणी लागायचं, एवढीच त्यांची मागणी. मापं अशी आली : बॅटरीवर १२.१, इन्व्हर्टरवर १०.३, पॉझिटिव्हच्या वाटेत ०.५, निगेटिव्हच्या वाटेत १.३. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजतात तो) ६५ अँपिअर. बॅटरी ठणठणीत होती. वाटेत १.८ व्होल्ट चाललेले.

निगेटिव्हची वायर शोधत गेलो तर ती सीटखाली गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली होती, आणि तीही रंगावर. रंग म्हणजे इन्सुलेशनच. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी वाट मिळेल तेवढ्यावर सगळं चाललं होतं. ६५ अँपिअर गुणिले १.३ व्होल्ट म्हणजे जवळपास ८५ वॅट उष्णता, आणि त्यातली बहुतेक त्या एका बोल्टवर. बोल्ट काढला तर रंग काळा पडून पापुद्रे निघत होते आणि शेजारी सीटचा फोम होता. चहाच्या पाण्यासाठी चाललेल्या गाडीत ती आगीची तयारीच होती. पत्र्यावरचा अर्थिंगचा जोड काढून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जाड निगेटिव्ह वायर थेट नेली, पॉझिटिव्हचा लग नवा दाबला. पुन्हा मोजलं, इन्व्हर्टरवर ११.८ आणि करंट ५८ अँपिअर. तीच किटली, तीच बॅटरी. आजींनी तिथेच चहा केला आणि पहिला कप मला दिला.

५. वायरची जाडी

चौथ्या तपासणीत व्होल्ट जात आहेत, पण जोड सगळे चांगले आहेत, असं निघालं तर वायर बारीक आहे. बॅटरीपासून इन्व्हर्टर ३ मीटरवर धरा. जायची-यायची मिळून ६ मीटर वायर. तिच्यातून ६५ अँपिअर नेले तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये १.३ व्होल्ट जातात, १६ मध्ये अर्धा व्होल्टच्या थोडे खाली, ३५ मध्ये ०.२ च्या आसपास. परतीची वायर हिशोबात धरायला लोक विसरतात. अंतर दुप्पट धरायचं.

वायर जाड करण्याआधी इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ सरकवता येतो का ते बघा. १२ व्होल्टची वाट आखूड ठेवा, २३० ची लांब चालेल. फक्त साध्या पाण्याच्या बॅटरीच्या डोक्यावर इन्व्हर्टर ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि त्याला ठिणगी पुरते.

खरेदी करताना तार थोडी खरवडून बघा. वरून तांबं आणि आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याच जाडीत ते वीज कमी नेतं. वेल्डिंगची केबल लवचिक असते आणि चांगली चालते, पण तिच्यातही अ‍ॅल्युमिनियमची मिळते. मागताना "तांब्याचीच" असं स्पष्ट सांगा.

लग हातोडीने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवू नका. ३५ ची वायर हायड्रॉलिक क्रिम्पिंगनेच दाबली जाते, ते यंत्र नसेल तर एवढं काम बाहेरून करून घ्या. नुसतं सोल्डर करून भागवलेला जोडही मी काढून टाकतो. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि खंबाटकी, पसरणीसारख्या घाटांत हादरे बसून नेमकी तिथेच तुटते.

६. फ्यूज

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत फ्यूज हवाच. तो उपकरण वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज ही सगळी वायर विनासंरक्षण राहते. ती कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला थांबवणारं कुणी नाही. १,००० वॅटच्या इन्व्हर्टरला ३५ ची वायर आणि १२५ अँपिअरचा फ्यूज मी लावतो.

होल्डर गरम होत असेल तर फ्यूज चांगला असूनही होल्डर गेलेला असतो. पत्तीची पकड ढिली होते, प्लास्टिक पिवळं पडतं. होल्डर बदला. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा तार गुंडाळून टाकणं, म्हणजे आता वायरलाच फ्यूज केलं. एक फ्यूज उडाला तर एकदा बदला. दुसराही उडाला तर तिसरा टाकू नका, कारण शोधा.

घरातली वीज एसी, बॅटरीची डीसी. घरातला एसी विजेचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे वापरू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला त्याची मदत होते. डीसी शून्यावर येतच नाही. डीसीसाठी लिहिलेलाच घ्या.

७. चार्जिंग खरंच होतंय का?

वायरिंग चांगलं निघालं, तरी सकाळी १२.१ च येतात. मग भरतीच कमी आहे. पुढची बॅटरी इंजिनची, मागची राहायच्या भागाची. इंजिन चालू करून मागच्या बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ यायला हवेत. पुढच्या बॅटरीवर येतात आणि मागच्या बॅटरीवर १२.५ च राहतात, तर मधला रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच), त्याचा फ्यूज किंवा डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडच्या विजेवर मागची बॅटरी नीट भरणारा) बघायचा.

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) स्वतःचे व्होल्ट कमी-जास्त करतो. पुढची बॅटरी भरली की तो हात आखडता घेतो आणि मागची उपाशी राहते. अशा गाडीला नुसता रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो. लिथियम बॅटरी तर अल्टरनेटरला थेट कधीच जोडू नका. ती इतका करंट मागते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

आणि हिशोब मनाशी ठेवा. २० अँपिअरचा चार्जर दीड तासाच्या घाटप्रवासात ३० अँपिअर-तास भरतो. १२ व्होल्टचा छोटा फ्रीज चोवीस तासांत चाळीस-पन्नास खातो. तीन दिवस एका जागी मुक्काम केला तर टाकी उपसायची आणि नळ बंद, असं होतं. छतावरचं १०० वॅटचं सोलर पॅनेल कडक उन्हात पाच-सहा अँपिअर देतं. कासच्या धुक्यात एक अँपिअरसुद्धा धरून चालू नका. पॅनेलवर झाडाची फांदीएवढी सावली पडली तरी उत्पन्न खूप पडतं, म्हणून जांभळीखाली गाडी लावून सोलरला दोष देऊ नका. पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधल्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, आणि सोडताना उलट.

८. आता बॅटरी

इतकं झाल्यावरच बॅटरीवर संशय घ्या. चौथ्या तपासणीतलं पहिलं माप काढा. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या खुंट्यांवरच भार देताच व्होल्ट ११ च्या खाली आले, तर बॅटरी थकली आहे किंवा त्या भारासाठी लहान आहे.

बुचं असलेली बॅटरी असेल तर प्लेटा बुडाल्या आहेत ना ते बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं किंवा बोअरचं नाही. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, बघा. भरलेल्या बॅटरीत ती १.२५० ते १.२८० च्या दरम्यान असते. पाच सेल सारखे आणि एक खूप खाली असेल तर ती बॅटरी संपली.

घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकलेली मी बरेचदा पाहतो. तिच्यावरचा १५० हा आकडा वीस तासांच्या हिशोबाचा आहे, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश वापरली तर. ७० अँपिअरने ओढली तर त्याहून बरंच कमी मिळतं. शिवाय अर्ध्यापेक्षा जास्त रोज उतरवली तर आयुष्य झपाट्याने कमी होतं. ती पन्नास किलोच्या वर असते, घाटात कलंडली तर अ‍ॅसिड सांडतं, आणि तिचा गॅस झोपायच्या जागेत कोंडतो. बसवायचीच असेल तर पट्ट्याने जखडून, बंद पेटीत, गॅसची नळी गाडीबाहेर काढून.

इन्व्हर्टरचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याच्या टर्मिनलवर भाराखाली साडेअकराच्या वर व्होल्ट मिळत असूनही तो लहानशा भाराला बंद पडत असेल, तर तोच बिघडला आहे. तो उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणे व्होल्ट राहतात.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगली असेल, चार्ज होताना कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल किंवा हात ठेववत नाही इतकी तापली असेल, तर चार्जिंग लांबूनच, मुख्य स्विचने बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना गाडीबाहेर काढा. तिथे पाना लावू नका. लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती ज्यांनी दिली त्यांना बोलवा, स्वतः उचलू नका.

वायरचं आवरण वितळलं असेल, काळं पडलं असेल किंवा कारण न कळता दुसरा फ्यूज उडाला असेल, तर निगेटिव्ह सोडा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे या. तोपर्यंत त्या गाडीत रात्री झोपू नका.

गाडीच्या पत्र्याला, ओट्याच्या स्टीलला किंवा फ्रीजच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर इन्व्हर्टर लगेच बंद करा. हे काम माझ्यासारख्याचंही नाही, २३० व्होल्टचं ज्ञान असलेल्या परवानाधारक वायरमनचं आहे. इन्व्हर्टरच्या पुढे न्यूट्रल, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की लाइट तोडणारा स्विच) योग्य रीतीने जोडले नसतील तर आरसीसीबी नुसता बसवलेला असतो, वेळेला तो पडतच नाही.

आणि जिथे मुक्कामाला गावची लाइट घेता, बामणोलीला एखाद्या शेतघरी किंवा पाचगणीच्या आवारात, तिथे इन्व्हर्टर आणि बाहेरची लाइट एकाच सॉकेटवर एकत्र येऊ नयेत यासाठी चेंजओव्हर स्विच वायरमनकडूनच बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून सॉकेटमध्ये लाइट खुपसणाऱ्याला मी गाडी तिथेच उभी करायला लावतो. त्या वायरचं एक टोक सुटलं तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, आणि गाडीत लहान मुलं असतात.

कुणाहीकडे न्याल, तेव्हा "बॅटरी बदला" असं सांगू नका. ती चार मापं लिहिलेला कागद द्या, सोबत उपकरणाचे वॅट, वायरची लांबी आणि बॅटरी कधी घेतली ती तारीख. समोरच्याला काम येत असेल तर तो कागद बघून थेट दोषाच्या जागी हात घालेल. कागद न बघता नव्या बॅटरीचा भाव सांगितला, तर दुसरीकडे न्या.